उंचीरेषा आणि गायमुखचा चढ

सायकलींच्या नकाशाच्या तयार स्टाइल, म्हणजे काय कोणत्या रंगात आणि किती जाड काढायचं याचे नियम, बहुतेक युरोपात घडल्या. अँडी अ‍ॅलनचा ओपनसायकलमॅप त्यातला जुना. त्यात सर्वांत ठसठशीत दिसतात ते क्रमांक दिलेले सायकलमार्ग. असे मार्ग ब्रिटनभर आहेत, आपल्याकडे नाहीत. त्यामुळे तीच स्टाइल ठाण्याजवळच्या चेणे गावावर चालवली की हाती येतं एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं हिरवं, दुसऱ्या बाजूला खाडीचं निळं आणि मधून जाणारा जाडजूड घोडबंदर रोड. रविवारी पहाटे त्याच रोडने वरसाव्याकडे निघालेल्या सायकलवाल्यांसाठी त्यात फारसं काही नसतं.

म्हणून इथली स्टाइल मी इथल्या रस्त्यांवरून ठरवतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशातली गल्ली कोणीतरी घरबसल्या उपग्रहचित्रावरून गिरवलेली असते. डांबर आहे की खडी, ते लिहायचं राहून जातं. माहिती नाही म्हणजे पक्का रस्ता, असं धरून रंगवणं सोपं. मी अशा रस्त्यांना वेगळा राखाडी रंग देतो. नकाशा कळकट दिसतो, दिसू दे. उद्यानातल्या पायवाटांचंही तसंच. वन विभागाच्या परवानगीशिवाय जिथे जाता येत नाही, ती वाट मोहक तुटक रेघेने काढायची नाही. बिबट्याच्या जंगलात पोरांना आमंत्रण कशाला?

खरी डोकेदुखी चढाची. उंचीचे आकडे ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जवळपास नसतातच. ते येतात एन्डेव्हर यानाने फेब्रुवारी 2000 मध्ये 11 दिवस केलेल्या रडार मोजणीतून. त्यातला एकेक चौकोन सुमारे 30 मीटरचा. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटात रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो, त्यामुळे एकाच चौकोनात रस्ताही येतो आणि वरची दरडही. शिवाय दाट झाडीत रडारला जमिनीऐवजी झाडांचा वरचा भाग लागतो. रस्त्याची रेघ कुठे मीटरभर सरकली तरी शेजारचा चौकोन लागतो आणि चढाच्या आलेखावर करवतीचे दाते उमटतात. सपाट जागी चढ, लगेच उतार, पुन्हा चढ. या खोट्या चढांची बेरीज केली तर नवखा माणूस घराबाहेरच पडणार नाही. वरसाव्याच्या पुलावर उलटा प्रकार: आकडे खाडीच्या पाण्याचे, म्हणून सायकल पाण्यात उतरून पलीकडे वर येते! तिथला उपाय सोपा आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्यावर पुलाचा टॅग दिसला की मधल्या उंच्या टाकून द्यायच्या आणि दोन टोकं सरळ जोडायची.

घाटात मात्र आसपासच्या उंचींची सरासरीच घ्यावी लागते. ती किती अंतराची? कमी घेतली तर दाते राहतात, जास्त घेतली तर गायमुखचा खरा चढही सपाट होतो. हे कुठल्या सूत्रात बसत नाही. मी सायकल काढतो, खालचा गिअर कुठे टाकावा लागला ते जीपीएसवर नोंदवतो आणि ती जागा आलेखात उठून दिसेपर्यंत अंतर कमी करत जातो.