बिडाची भेग

सांगली जिल्ह्यांतील आमच्या गांवाच्या फाट्यावर वेल्डिंगचें एक दुकान आहे. दुकान म्हणजे चार खांब, त्यांवर पत्रे, एक यंत्र, एक ऐरण आणि भोंवतीं पडलेलें मोडकें लोखंड. मालकांना सारा गांव 'मिस्त्री' म्हणतो. त्यांचे आजोबा बारा बलुतेदारांपैकीं लोहार. सुगीला खळ्यावर जाऊन बलुतें आणीत. नातवाचें बलुतें आतां वहींत लिहिलेलें असतें, आणि उसाचें बिल निघालें म्हणजे वसूल होतें. सगळेंच होतें असें नाहीं.

गळिताच्या हंगामांत या माणसाला रात्र ठाऊक नसते. उसानें भरलेल्या ट्रॉल्या फाट्यावर थांबतात. कोणाचा पाटा तुटलेला, कोणाचा हूक झिजलेला. एकदां एका ट्रॅक्टरवाल्यानें, झिजलेल्या हुकावर नुसता एक थर चढवून द्या, म्हणून हट्ट धरला. मिस्त्रींनीं यंत्र बंद केलें. "नवा हूक आण. चढाला ह्यो तुटला, तर मागनं येणाऱ्याच्या घरी मी काय सांगू?" त्या रात्रीचे पैसे गेले, गिऱ्हाईकहि गेलें. घरीं दोन मुलांच्या फीचा प्रश्न तर होताच!

तीन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत आमच्या विहिरीवरील पंपाचें बिडाचें कवच तडकलें. ऊस वाळत चालला होता, आणि शेतीची थ्री-फेज वीज त्या आठवड्यांत रात्रीं येत असे. मी सकाळींच पंप घेऊन मिस्त्रींकडे गेलों. दोन रॉड जाळले कीं काम संपलें, अशी माझी भाबडी समजूत होती.

प्रथम त्यांच्या मुलानें कवचाला रॉकेल लाविलें, तें कोरडें पुसलें आणि वर खडू घासला. भेगेंत मुरलेलें रॉकेल हळूहळू खडूंत उतरलें, आणि मला दिसली होती त्याच्या दुप्पट लांबीची ओली रेघ उमटली! तिच्या दोन्ही टोकांना त्यानें बारीक भोंक पाडलें. "भेग पुढं सरकू नये म्हणून, सर," तो म्हणाला. मग मिस्त्रींनीं तें कवच कोळशावर तापविलें. इंचभर सांधावें, हातोडीनें हलकेच ठोकावें, थांबावें, पुन्हां इंचभर सांधावें, असा क्रम दुपारभर चालला. बिडांत कार्बन फार, म्हणून तें ठिसूळ. एके जागीं एकदम तापून एकदम निवालें, तर सांध्याच्या शेजारींच नवी चीर जाते. मला हें पुस्तकांतून ठाऊक. त्या मुलाला तें टिचकीच्या आवाजावरून कळत होतें.

संध्याकाळीं त्यांनीं कवच ऊन राखेंत पुरलें. "पाण्यांत घाला कीं, लवकर निवेल," मी म्हणालों. मिस्त्री हंसले. "बीड हाय ते, सर. राखंत रात्रभर निवू दे. घाई केली तर उद्या परत माझ्याकडंच आणाल."

वहिनींनीं चहा आणला. मिस्त्रींनीं लाल झालेले डोळे पुसले आणि संकोचानें विचारलें, "पोरगं औंदा बारावी हुईल. तुमच्या कॉलेजात घालू, का हितंच राहू दे? तुम्ही म्हणाल तसं करतो."

चहा संपायच्या आंत मी उत्तर दिलें: "अहो, शिकवा त्याला! जन्मभर काय ह्या ठिणग्यांतच काढायचा?"

मुलगा राखेपाशीं बसला होता. त्याला कोणीं विचारलें नाहीं. मींहि नाहीं.

याच जिल्ह्यांत 1910 सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडी वसविली. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली संस्थेंतील शिक्षकाची नोकरी सोडलेला हा गृहस्थ लोखंडी नांगरांकडे वळला, ही कथा मी दर वर्षीं विद्यार्थ्यांना मोठ्या अभिमानानें सांगतों. त्या संध्याकाळीं मात्र ती मला आठवली नाहीं.

पंप आजहि चालतो. सांध्यांतून थेंबभर पाणी गळत नाहीं. मुलगा यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो मागच्या बाकावर बसतो आणि हात बाकाखालीं ठेवतो. गेल्या महिन्यांत उत्तरपत्रिका घ्यायला पुढें आला, तेव्हां त्यानें बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या होत्या. "रविवारी दुकानात होतो, सर," तो म्हणाला. जणुं कांहीं गुन्हाच कबूल करीत होता.

त्यानें शिकूं नये, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. शिकणें हा त्याचा हक्क आहे. पण पदवी घेऊन शिफारसपत्रासाठीं माझ्या दारीं येणारीं मुलें मी रोज पाहतों. त्यांतल्या किती जणांना त्याच्याइतकें कांहीं एक नीट येतें? आणि आपल्या हातांची लाज त्याला कोणत्या पुस्तकानें शिकविली? कोणत्याहि नव्हे. राखेपाशीं बसून त्यानें माझें तें एक वाक्य ऐकलें होतें.

मिस्त्रींनीं माझ्या पंपाला एक सबंध रात्र दिली. त्यांच्या मुलाला मी एका कप चहाइतकाहि वेळ दिला नाहीं. या दिवाळींत गांवीं जाईन तेव्हां फाट्यावर उतरेन, आणि त्या वेळीं विचारावयाचें राहून गेलें तें विचारीन. मिस्त्रींना नव्हे, त्या मुलाला.