सिंगापूर, मलेशिया आणि मुक्कामी गाडी

शेवटी तिकिटं काढली एकदाची!

जाताना मुंबई-सिंगापूर, येताना क्वालालंपूर-मुंबई. आई, बाबा, बायको, आठ वर्षांचं कन्यारत्न आणि अस्मादिक. पाच दिवस रजा, मागेपुढे शनिवार-रविवार. एवढ्याशा सुट्टीसाठी गेले चार वीकएंड मी लॅपटॉपसमोर बसून आहे आणि एक्सेलची सातवी आवृत्ती चालू आहे. हापिसातला एखादा रिलीज इतका मन लावून केला असता तर एव्हाना प्रमोशन मिळालं असतं. असो.

सुरुवात बाबांच्या पासपोर्टपासून झाली. नऊ वर्षांपूर्वी मी ऑनसाइट जाणार होतो, तेव्हा हौसेनं आईबाबांचे पासपोर्ट काढून घेतले होते. मी गेलो, सहा महिन्यांत प्रोजेक्ट गुंडाळलं गेलं, परत आलो. मग कन्यारत्न, मग फ्लॅटचं कर्ज, मग २०२० आणि करोना. परवा कसल्याशा कामासाठी बाबांनी कपाटातून पासपोर्ट काढला, पानं उलटीपालटी केली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी मुदत संपतेय. कोराच परत करायचा का रे?"

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. म्हणूनच जरा जास्त लागलं. त्यात या दोन्ही देशांना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. म्हणजे वर्ष म्हणायचं, पण हातात त्याच्या निम्मंच.

सिंगापूर-मलेशियाच का? तर मुंबईहून थेट विमान साधारण साडेपाच तासांचं. दोन्ही देशांची घड्याळं सारखी, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. दोन्हीकडे तमिळ वस्ती जुनी, त्यामुळे आईच्या इडली-भाताची सोय. सिंगापूरला सेरंगून रोडवर कोमला विलास तर १९४७ पासून आहे. सिंगापूरचा व्हिसा लागतो, तो एजंटमार्फत होतो. मलेशियाला मात्र १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. निघण्याच्या आधीच्या तीन दिवसांत दोन्ही देशांचे अरायव्हल कार्डाचे फॉर्म ऑनलाइन भरायचे. ते फुकट असतात. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही असं समजावं आणि मागे फिरावं. मी पहिल्या झटक्यात अशाच एका साइटवर कार्डनंबर टाकायच्या बेतात होतो. आणि हे सगळं लोकांना शिकवायचा पगार घेतो मी!

तर, आवृत्ती एक. सिंगापुरात तीन दिवसांत चौदा ठिकाणं. बुधवारी सकाळी सातला बस पकडून दुपारी क्वालालंपूर. संध्याकाळी पेट्रोनास टॉवर्स, दुसऱ्या दिवशी बाटू केव्हज आणि गेंटिंग हायलँड्स. प्रत्येक ओळीला रंग. प्रत्येक रंगाला अर्थ. रंगीत प्रिंट काढून बाबांच्या हातात दिलं.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तेव्हा स्वारगेटला होते. त्यांनी चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली (निवृत्तीनंतरही ती तिथेच असते) आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"हे वेळापत्रक नाही. ही यादी आहे."

"म्हणजे?"

"यात गाडी कुठंच थांबत नाही. माणूस चहा कधी पिणार? लघवीला कधी जाणार? टायर पंक्चर झालं तर पुढची फेरी कोण काढणार?"

बायकोनं हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही. आम्ही ज्याला प्लॅनमध्ये बफर म्हणतो आणि मॅनेजरनं पहिल्या मीटिंगमध्ये काढून टाकला की गप्प बसतो, तो बाबांनी आयुष्यभर कागदावर नीट मांडलेला होता. घाट असेल तर इतकी मिनिटं, आठवडी बाजार असेल तर इतकी.

मग खरा वाद झाला तो दोन देशांमधल्या प्रवासाचा. बायकोचं म्हणणं, विमानानं जाऊ, तासाभरात क्वालालंपूर. बाबांनी पेन्सिलीनं हिशोब केला. हॉटेलातून चांगीला निघायचं, दोन-अडीच तास आधी पोचायचं, तासाभराचं उड्डाण, उतरून पुन्हा इमिग्रेशन, बॅगा, आणि तिथला विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटरच्या पुढे. दारापासून दारापर्यंत सहा तास. बसनं अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. तेही तेवढेच सहा तास.

"मग बसनंच जाऊ. पूल तरी दिसेल," बाबा म्हणाले.

हा पूल म्हणजे जोहोर कॉजवे. सिंगापूर आणि मलेशियाला जोडणारा, १९२४ साली सुरू झालेला, लांबी जेमतेम एक किलोमीटर. म्हणजे स्वारगेटहून सारसबागेला चालत जावं तेवढा. १९४२ च्या जानेवारीअखेर जपानी फौज मागे लागली तेव्हा माघार घेणाऱ्या इंग्रजांनीच त्याला भगदाड पाडलं. १९६३ ते १९६५ सिंगापूर मलेशियाचाच भाग होतं, तेव्हा त्याची दोन्ही टोकं एकाच देशात होती. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर वेगळं झालं आणि तो पुन्हा दोन देशांमधला झाला. आज रोज लाखो माणसं त्यावरून ये-जा करतात, बरीचशी मलेशियात राहून सिंगापुरात नोकरी करणारी. आपल्या डोक्यात सरहद्द म्हटलं की वाघा, तारेचं कुंपण आणि बंदुका. डबा घेऊन रोज सरहद्द ओलांडणारी माणसं असतात, हे बाबांना बघायचंच होतं.

आणि अजून एक कारण होतं. सिंगापूर हल्ली पासपोर्टवर शिक्का मारत नाही, ई-पास इमेलनं येतो. व्हिसाही कागदावर छापून घ्यायचा. म्हणजे तीन दिवस परदेशात राहूनही पासपोर्टवर तिथलं काहीच नाही! मुंबईला निघतानाचा शिक्का बसेल, पण तो आपलाच. मलेशियात शिरताना माणूस बसलेल्या काउंटरवरून गेलं तर शिक्का मिळायला हवा. बाबांनी हे ऐकून मान डोलावली, बोलले काही नाहीत. मी एक्सेलमध्ये 'मशीनकडे जायचं नाही' अशी ओळ टाकली.

आता तिथली पद्धत अशी की सिंगापूरच्या बाजूला बसमधून उतरायचं, पासपोर्ट तपासून घ्यायचा, परत चढायचं. पूल ओलांडला की मलेशियाच्या बाजूला परत उतरायचं, या वेळी सगळ्या बॅगा घेऊन. बस ठरावीक वेळच थांबते. उशीर झाला तर ती जाते.

"किती मिनिटं थांबते?" बाबांनी विचारलं.

"वीसएक मिनिटं म्हणतात."

"पाच माणसं, पाच बॅगा, एक लहान मूल. वीस मिनिटांत?" मग पेन्सिल चालली. सकाळी गर्दी मलेशियातून सिंगापूरकडे येणाऱ्यांची, आपण उलट्या दिशेनं. शनिवार-रविवार टाळायचा, बुधवार ठीक. सातची बस नको, पोरगी उठणार नाही, साडेनऊची घ्या. आणि एका दमात क्वालालंपूर गाठायचं नाही. मध्ये मुक्काम करायचा.

एसटीत मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी शेवटच्या गावाला जाते, रात्री तिथेच राहते, सकाळी पहिली फेरी घेऊन निघते. तशी आमची मुक्कामी गाडी मलाक्क्याला ठरली. सिंगापूरहून सुमारे २४० किलोमीटर, तिथून क्वालालंपूर दीडशे. जुनं शहर २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि मुख्य म्हणजे बरंचसं सपाट, पायी फिरण्याजोगं. बायकोचं माहेर गोव्याचं. आल्बुकर्कनं १५१० ला गोवा घेतलं आणि १५११ ला मलाक्का, हे कळल्यावर तिनं विमानाचा हट्ट सोडला. तिथल्या पोर्तुगीज किल्ल्याचा एक दरवाजा अजून उभा आहे, तेवढा माहेरच्या नात्यानं बघून घेईन म्हणाली.

या सगळ्यात आई काय म्हणत होती? आई म्हणत होती, "चालेल."

बस? चालेल. विमान? चालेल. पहाटेचं उठणं? चालेल. माझ्या शीटमध्ये तिच्या नावाचा रकाना संपूर्ण हिरवा होता. फक्त एकदा अडली, बाटू केव्हजला. २७२ पायऱ्या, खाली १४० फुटांचा सोनेरी मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय. ती पटकन म्हणाली, "कार्तिकस्वामीचं दर्शन बायका घेत नाहीत आपल्यात. तुम्ही या जाऊन." मी गूगलवरून दाखवलं की तिथे तमिळ बायका दुधाचे घडे डोक्यावर घेऊन त्या पायऱ्या चढतात. "त्यांच्यात असेल," म्हणाली. मला वाटलं, श्रद्धेचा मामला आहे, सोडून द्यावं.

पण कुठेतरी खटकलं होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही केरळला गेलो होतो, माझाच प्लॅन, पाच दिवसांत मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी. तेव्हा मुन्नारला दोन ठिकाणी आई "गाडीतूनच छान दिसतंय" म्हणून उतरली नव्हती. मी फोटो काढण्यात दंग होतो.

मागच्या रविवारी सकाळी सगळ्यांना पर्वतीवर नेलं. सांगितलं काय, तर ट्रिपची प्रॅक्टिस! १०३ पायऱ्या, त्याही रुंद. आई या पायऱ्या मला कडेवर घेऊन चढलेली आहे. चाळीसेक पायऱ्यांवर थांबली आणि म्हणाली, "केवढं बदललं पुणं!" अजून दहा पायऱ्या, परत पुणं बघितलं. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा काहीच बोलली नाही, कठड्याला हात धरला.

"तुम्ही व्हा पुढे. मी पिशवी सांभाळते."

पिशवीत पाण्याची एक बाटली होती. बाबा आणि कन्यारत्न वर गेले, बायको त्यांच्यामागे. मी आईशेजारी बसलो.

"कधीपासून दुखतोय गुडघा?"

"दुखत नाही रे. जरा धरतो."

"कधीपासून धरतो?"

"केरळच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं सगळं छापून आणलं होतंस," ती म्हणाली. "रंगीत. त्यात मी कुठे मध्येच कोलदांडा घालू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. वर्षानुवर्षं मी लोकांच्या रिक्वायरमेंट गोळा करतोय. क्लायंट 'हो' म्हणतो तेव्हा त्याला खरंच 'हो' म्हणायचंय का, हे ओळखण्याचं ट्रेनिंगसुद्धा झालंय माझं. आणि घरातल्या घरात, तयार रंगीत कागद समोर ठेवून विचारत होतो, 'झेपेल ना?' त्याला दुसरं काय उत्तर येणार होतं? गंमत म्हणजे वर पर्वतीवरही कार्तिकस्वामीचं देऊळ आहे. या वेळी त्याचं नाव पुढे करायचं तिला सुचलं नाही एवढंच.

सोमवारी अर्धी रजा टाकून डॉक्टरांकडे गेलो. एक्सरे झाला. झीज आहे, वयाच्या मानानं फार नाही. सपाटीवर हवं तेवढं चाला, जिने टाळा, सांगितलेले व्यायाम रोज करा, ट्रिपला खुशाल जा. विमानतळावर व्हीलचेअर मागून ठेवा म्हणाले. त्यावर आई रिक्षात बसेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "सांगून ठेव. पण कुणाला सांगू नकोस." (सांगितलेलं नाही, फक्त इथे लिहिलंय.)

आता आवृत्ती सात. सिंगापुरात चौदाची सहा ठिकाणं झाली आणि रोज दुपारी दोन ते चार रिकामे. त्या रकान्यात बाबांनी पेन्सिलीनं 'विश्रांती' लिहिलं, मी ते टाइप केलं. गेंटिंग गेलं. बाटू केव्हजच्या ओळीत लिहिलंय, 'वर : बाबा, बायको, कन्यारत्न. खाली : आई आणि मी.' खालूनही मूर्ती झकास दिसते, कबुतरंही भरपूर असतात. बस वूडलँड्सच्या पुलावरून जाते की तुआसच्या, हे विचारायला मेल टाकली होती. तुआसचा दुसरा पूल १९९८ चा, लांबच्या बस तिकडूनही जातात. उत्तर आलं की त्या दिवसाच्या ट्रॅफिकवर अवलंबून, ड्रायव्हर ठरवेल. मला वाटलं बाबा हिरमुसतील. ते म्हणाले, "बरोबर आहे. ड्रायव्हरलाच ठरवू दे. शिक्का दोन्हीकडे सारखाच."

एक प्रश्न बाबांचाही निघाला. सिंगापुरात खायची तंबाखू नेता येत नाही, बंदीच आहे. हे सांगितल्यावर नियंत्रकसाहेब पहिल्यांदा वेळापत्रकाबाहेर गेले. "आठवडाभर?" सध्या लवंग आणि बडीशेपेवर सराव चालू आहे. चिडचीड प्रचंड आहे. आई खूश आहे.

काल रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर शेवटचं वाचन केलं. या वेळी प्रिंट काढली नाही. लॅपटॉपवरच, ओळीनं, एकेक थांबत. सोमवारी रात्री नाइट सफारी, असं वाचलं आणि पुढे जाणार, एवढ्यात आई म्हणाली,

"हे नको."

सगळे गप्प. कन्यारत्नानं टीव्ही बघायचं थांबवून आजीकडे पाहिलं.

"मला जागरण होत नाही आता. आणि अंधारात प्राणी काय दिसणार? त्यापेक्षा ती फुलांची बाग आहे ना, तिथे संध्याकाळी निवांत बसू."

मी ओळ खोडली. कन्यारत्नाचं तोंड एवढंसं झालं, तेव्हा ठरलं की बायको तिला घेऊन सफारीला जाईल आणि आम्ही तिघं बागेत बसू.

"अजून काही नकोय का?" मी विचारलं.

आई जरा विचार करून म्हणाली, "आठवलं की सांगते."