वेठबिगार यंत्राचे हात

थोरल्या भावाला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असल्याचे निदान झाले, तेव्हा आमच्या वसईच्या घरात चर्चा रंगली ती रोगापेक्षा 'रोबो'ची. मुंबईच्या शल्यविशारदांनी रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवली होती. वहिनींचा प्रश्न एकच : मध्येच यंत्र बिघडले तर?

अशा वेळीही शब्दाची व्युत्पत्ती आठवावी, हा आम्हा भाषेच्या प्राध्यापकांचा व्यवसायदोष. कारेल चापेकच्या १९२० मधील 'आर. यू. आर.' या नाटकाने 'रोबोट' हा शब्द जगाला दिला. सुचवला होता त्याचा भाऊ योसेफ याने. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ. शस्त्रक्रियागृहातले यंत्र या अर्थाने खरोखरच वेठबिगार आहे. ते आपण होऊन काहीही करत नाही. शल्यविशारद काही फुटांवर कन्सोलपाशी बसून हात हलवतो, आणि यंत्राचे बाहू त्या हालचाली सूक्ष्म करून गिरवतात.

तरीही यंत्र बिघडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे २००० ते २०१३ या काळात सर्व प्रकारच्या रोबोटिक शस्त्रक्रियांबाबत आलेल्या १०,६२४ नोंदी संशोधकांनी तपासल्या. त्यांत १४४ मृत्यूंच्या नोंदी होत्या. प्रत्येक मृत्यूला यंत्रच कारण, असे त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय त्या काळात अशा १७ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पण बिघाडांचे स्वरूप पाहावे : अवजाराचा तुटलेला तुकडा शरीरात पडणे, विजेची ठिणगी उडणे, पडद्यावरचे चित्र जाणे. कादंबरीतला बंडखोर यंत्रमानव यात कुठेच नाही.

संमतिपत्र इंग्रजीत होते. भावासाठी त्याचे मराठी करताना 'कन्व्हर्जन' या शब्दापाशी अडलो. वसईच्या माणसाच्या मनात या शब्दाने भलताच इतिहास जागा होतो! इथे अर्थ इतकाच की, गरज पडल्यास यंत्राचे बाहू बाजूला करून पोट उघडून शस्त्रक्रिया पुरी करायची. म्हणजे कन्सोलवरच्या हाताला जुनी विद्याही यायला हवी. 'उघडी शस्त्रक्रिया आपण किती केल्या आहेत?' हा प्रश्न भावाने विचारला. डॉक्टरांनी तपशिलाने उत्तर दिले. अवजारे ठरावीक वेळाच वापरता येतात आणि ती मोजदाद यंत्रच ठेवते, हेही सांगितले.

वहिनींचे समाधान झाले नाही. त्यांची भीती विरारची होती. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्याच दिवशी १३ करोनारुग्ण दगावल्याचे कळले. वातानुकूलन यंत्रातील बिघाड हे प्राथमिक कारण सांगितले गेले. ज्या यंत्राकडे रुग्णाचे वा नातेवाइकांचे लक्षही जात नाही, ते यंत्र. त्याचा उल्लेख कोणत्या संमतिपत्रात असतो?

'अवजारांची मोजदाद यंत्र ठेवते, ठीक. पण डॉक्टर, तुमच्या एसीची कोण ठेवतं?' वहिनींनी विचारले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी परिचारिकेला देखभाल विभागाची वही आणायला सांगितली. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे.