शेवटचा स्टॉप बिट

आरएस-४८५ म्हणजे दोन तारा आणि त्यांवर लटकलेली अनेक उपकरणं. वीजमीटर, तापमान नियंत्रक, मोटरचे ड्राइव्ह. एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलायच्या आधी ट्रान्सीव्हर चिपची डीई (ड्रायव्हर एनेबल) पिन चालू करायची, बोलून झालं की बंद करून तारा मोकळ्या करायच्या. चालू करणं सोपं आहे. माझ्या कामातला खरा कस लागतो तो बंद करण्याच्या क्षणी.

प्रोग्रॅमनं राइट केलं आणि कॉल परत आला, तरी बाइट अजून कर्नलच्या बफरमध्येच असू शकतात. तिथून ते यूएआरटीच्या, म्हणजे सिरियल पोर्टच्या हार्डवेअरच्या, फिफोत (छोट्या रांगेत) उतरतात. १६५५० या यूएआरटी चिपमध्ये ही फिफो १६ बाइटांची. ती रिकामी झाली की इंटरप्ट येतो, पण शेवटचा बाइट तेव्हाही शिफ्ट रजिस्टरमधून एकेक बिट करत बाहेर पडत असतो. ९६०० बॉडला त्याला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. म्हणूनच १६५५० च्या लाइन स्टेटस रजिस्टरमध्ये दोन वेगळे बिट आहेत: एक फिफो रिकामी झाल्याचा, दुसरा शिफ्ट रजिस्टरही रिकामं झाल्याचा. पहिल्यावर विसंबून पिन बंद केली तर शेवटचा बाइट तुटतो. मॉडबस आरटीयू या प्रोटोकॉलमध्ये तो सीआरसीचा, म्हणजे चूक पकडणाऱ्या तपासणी-अंकाचा, असतो. समोरचं उपकरण अख्खी फ्रेम टाकून देतं आणि उत्तरच देत नाही. उलट पिन उशिरा सोडली, तर समोरच्याच्या उत्तराची सुरुवात आपल्याच पकडीत चिरडली जाते.

कर्नलच्या वरच्या प्रोग्रॅममधून, बाइट बाहेर पडेपर्यंत थांबणाऱ्या टीसीड्रेन कॉलनंतर, डीईला जोडलेला जीपीआयओ हलवता येतो, पण प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला की ती वेळ हुकते. म्हणून लिनक्समध्ये हे काम टीआयओसीएसआरएस४८५ या आयओसीटीएलनं ड्रायव्हरकडे सोपवता येतं. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या अनेक मालिकांतल्या यूएसएआरटीत तर डीई पिन हार्डवेअरच सांभाळतं. बोलण्याआधीचा आणि नंतरचा अवकाश बिटच्या अंशांत ठरवता येतो.

नवा बोर्ड आला की मी स्कोपचा एक चॅनल डीईवर लावतो, दुसरा तारांवर. मग मुद्दाम एसडी कार्डवर लेखन सुरू करून प्रोसेसरवर ताण आणतो आणि डीई कधी खाली येते ते बघतो. निवांत बोर्डावरची चाचणी मी चाचणी मानत नाही. तारा कधी सोडायच्या हे ज्याला शेवटचा स्टॉप बिट दिसतो त्यानंच ठरवावं. शक्य असेल तिथे मी ते हार्डवेअरकडे देतो, नाहीतर ड्रायव्हरकडे. वरच्या प्रोग्रॅमला त्या पिनेला हात लावू देत नाही.