लोअर परळ, व्हाया आईबाबा

लोअर परळला ऑफिस असणाऱ्या कुणालाही विचारा, आजूबाजूला काय आहे? मॉल, कॉफी शॉप आणि ट्रॅफिक जॅम! यापलीकडचं परळ बघायचंय? मग एखाद्या रविवारी सकाळी आईबाबांना सोबत घ्या आणि चालता चालता एकच प्रश्न विचारा, 'तुम्ही शिकलेली कुठली एक गोष्ट मी लक्षात ठेवू?' मी हे करून बघितलं.

करी रोडला उतरून आम्ही ना. म. जोशी मार्गाला लागलो. मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ मध्ये ताडदेवला निघाली. पुढे अख्खं परळ-लालबाग भोंग्यावर उठायला लागलं. आपलं लाडकं फिनिक्ससुद्धा मुळात गिरणीच! १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यात विणाई खात्यातले चोवीस वर्षांचे बाबाही होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

"वायरिंग शिकलो, तेव्हा घरात पीठ उधारीवर यायचं," बाबा म्हणाले. "दुसरं काम शिकायचं ते पहिलं चालू असताना. उपाशीपोटी शिकताना हात थरथरतो."

आमच्या ऑफिसात सध्या कपातीची कुजबुज आहे. घरी मी बोलले नव्हते. बाबांनी विचारलंही नाही.

आईचं उत्तर पूल ओलांडल्यावर, लालबागच्या चिवडा गल्लीत मिळालं. तिची आई कामगारांसाठी घरगुती खानावळ चालवायची. अशा बायकांना भांडवलासाठी सावकाराचं दार गाठावं लागे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट उघडली. आजीचं पहिलं पासबुक तेव्हाचं.

"संपात जेवणारे गावी गेले, खानावळ बसली. पण पासबुकात होतं त्यावर चूल पेटली," आई म्हणाली. "नवरा कितीही चांगला असू दे, खातं आपल्या नावावर हवं." बाबा निमूट चिवडा खात होते!

कसं जाल? मध्य रेल्वेने करी रोड, पश्चिमेने लोअर परळ. ऊन चढायच्या आत निघा, गुडघ्यांना जपून चाला. आणि हो, हा प्रश्न घरी सोफ्यावर विचारू नका. तिथे टीव्ही चालू असतो आणि उत्तर येतं, 'वेळेवर जेवत जा.'