बाहेरचा दरवाजा

वसईच्या एका शाळेत आम्ही दोघी बहिणी शिकवत होतो. साल १९९३. स्टाफरूममध्ये एक ख्रिस्ती टीचर होत्या. नवरा दारू पिऊन मारायचा. एके दिवशी वकिलाकडून त्या थेट शाळेत आल्या. म्हणाल्या, ‘‘नुसता मार पुरत नाही गं. त्याचं बाहेर लफडं आहे, हेही सिद्ध करायला पाहिजे!’’

आम्हांला खरे वाटेना. पण १८६९ चा घटस्फोट कायदा तसाच होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एक कारण पुरे; बायकोने मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य नाहीतर दोन वर्षांचा त्याग दाखवायचा. जिल्हा न्यायालयाने सोडवले तरी उच्च न्यायालयाचा शिक्का हवाच. इंग्लंडने १९२३ मध्ये स्वतःकडे व्यभिचाराबाबत दोघांना सारखे केले, १९३७ मध्ये नुसते क्रौर्यही पुरेसे मानले. साहेबाने आपल्या घरातून काढलेले जुने सामान आपल्याकडे तसेच पडून होते.

‘‘त्यापेक्षा तुमच्यात बरं आहे,’’ टीचर म्हणाल्या. हे वाक्य आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकले. ‘तुमच्यातल्या बायका’ म्हणून कीवच ऐकायची सवय. आमच्या खालेला तर नवऱ्याने पोस्टकार्डावर तीनदा तलाक लिहून धाडला होता. ते आम्ही शाळेत कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

पण टीचरांचेही खोटे नव्हते. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला क्रौर्य, दोन वर्षे पोटगी न देणे, चार वर्षे नवरा बेपत्ता असणे अशा कारणांवरून कोर्टात जाता येते. त्याआधी हनफी फिक्हमध्ये छळ होणाऱ्या बाईला वाट नव्हती. खुलालाही नवऱ्याची मर्जी लागे. पंजाबात काही बायका निकाह तुटावा म्हणून धर्मच सोडत, ख्रिस्ती होत. उलेमा हादरले. मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी फिक्हमधून वाट काढली, मग कायदा आला. आमच्या बायका सुटण्यासाठी ज्या घरात शिरत होत्या, त्याच घरात टीचर अडकलेल्या!

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने क्रौर्य आणि त्याग ही स्वतंत्र कारणे मानली. २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. त्यामागे ख्रिस्ती स्त्री-संघटनांची वर्षानुवर्षांची खटपट होती, आणि चर्चही सोबत होते. याचा आम्हांला हेवा वाटतो, खोटे कशाला बोला? आमच्याकडे २०१९ चा कायदा आला तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेसह. नवरा आत गेल्यावर खालेसारखीने खायचे काय, यावर आम्हा बहिणींचे अजून जुळत नाही.

टीचर कायदा बदलेपर्यंत थांबल्या नाहीत. मुले घेऊन माहेरी राहिल्या, अर्ज केलाच नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला, तेव्हा पहिला फोन त्यांचाच आला. ‘‘खालेला सांगितलंत का गं?’’

खाला २०११ मध्येच गेली होती.