उरलेला स्टँड

बेसबॉल हा खेळ मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. तरी ग्रंथालयातल्या एका पुस्तकात बोस्टनच्या एका मैदानाविषयी वाचले आणि ते मनातून जाईना. (पुस्तक उशिरा परत केले म्हणून दंडही भरला!)

ब्रेव्हज फील्ड हे मैदान १९१५ साली सुरू झाले. तेथे १ मे १९२० रोजी बोस्टन आणि ब्रुकलिन यांचा सामना झाला. एरवी सामना ९ डावांचा. हा २६ डाव चालला. बोस्टनकडून जो ओशगर आणि ब्रुकलिनकडून लिऑन कॅडोर, या दोघांनीच शेवटपर्यंत चेंडू टाकले. अखेर अंधारामुळे खेळ थांबवला, तेव्हा दोन्ही संघांची एकेक धाव होती. कोणीच जिंकले नाही.

१९५३ साली संघ मिलवॉकीला गेला आणि मैदान बोस्टन विद्यापीठाने घेतले. आता ते निकरसन फील्ड. मुख्य प्रेक्षागाराच्या जागी वसतिगृहे उठली. पुढे तेथे अमेरिकन फुटबॉल आला, तोही १९९७ साली बंद पडला, सॉकर राहिला. जुन्यापैकी उजव्या बाजूचा काँक्रीटचा स्टँड, कुंपणाच्या भिंतीचा काही भाग आणि तिकिटघराची इमारत एवढेच उरले आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे वाचलेले रात्री जेवताना आबांना सांगायचे, हा रिवाज. आबा गवंडीकाम करतात. सामन्याची हकिकत ऐकून त्यांनी विचारले, "मग त्या दोघांना हजेरी किती डावांची मिळाली?"

त्यांचा पगार हंगामाचा ठरलेला असतो, असे मी म्हणालो.

"म्हणजे उक्ते काम," आबा म्हणाले. मग थोडे थांबून, "आणि तो स्टँड पाडला नाही, म्हणजे अजून कामाचा असणार. बांधणाऱ्याने माल नीट घातला असेल."

"त्याचे नाव पुस्तकात नाही," मी म्हणालो.

"नसायचेच."

आपल्या कॉलेजचा मागचा जिना आबांच्या हातचा आहे. दीड वर्ष मी तो चढतो आहे, पण वर्गात कोणाला सांगितले नव्हते. हात धुताना आबांनी विचारले, "जिन्याला कुठे तडा गेला नाही ना रे?"

दुसऱ्या दिवशी मी एकेक पायरी वाकून पाहत होतो. मागून येणाऱ्या मित्राने विचारले, "काय हरवले?" तेव्हा त्याला सांगितले.